हातोडी

माझा नवरा एर्मेस चीजला कान लावायचा.
हसू नका. आमच्याकडे, रेज्जोच्या सपाटीवर,
हे पगाराचं काम असतं.
चाळीस किलोचं एकेक चाक, फळीवर फळी, छतापर्यंत,
आणि हातात बोटाएवढ्या तोंडाची हातोडी.
टक्. भरीव.
टक्. भरीव.
मग मध्येच कुठेतरी एक ओलसर, आखडलेला आवाज.
आत भेग. आत हवा.
तो मान हलवायचा
आणि दोन वर्षं सांभाळलेलं चाक निम्म्या किमतीवर यायचं.

त्रेपन्न वर्षं हेच.
मी दार कसं लावते यावरून
मी कुणावर रागावलेय ते त्याला कळायचं.

आधी रातकिडे गेले.
"यंदा रातकिडे नाहीत," तो जुलैत म्हणाला,
अंगणात, जिथे त्यांनी माझं डोकं उठवलं होतं.
मी म्हटलं, शेतात औषध मारलं असेल.
मी खोटं बोलले की घाबरले,
ते अजून ठरवलेलं नाही.

मग शब्दांतले स आणि फ झडले,
जुन्या कंगव्याचे दात झडतात तसे.
मी साखर मागायचे.
तो मीठ आणायचा असं नाही,
तो काहीच आणायचा नाही,
गोड हसायचा नुसता.

तरी दोन हिवाळे तळघरात जात राहिला.
सोबत हरकीरत, नोवेल्लाराहून सायकलने येणारा
पंजाबी पोरगा, शिकाऊ.
त्यानेच सांगितलं मला, सगळं संपल्यावर,
माझ्या स्वयंपाकघरात बसून, पगडीवरचं धुकं पुसत:
"आजी, ते चाकावर ठोकायचे
आणि माझ्या भुवयांकडे बघायचे.
मला कळलं, तेव्हापासून मी भुवया
जरा जास्तच उचलायला लागलो."

दोन हिवाळे. हजारो चाकं.
एका पोराच्या भुवयांवर.
बाजारातून एकही परत आलं नाही.

मला काय बोलावं सुचेना, म्हणून सूप वाढलं.
त्याने एक चमचा घेतला, थांबला,
फार सभ्यपणे विचारलं,
"आजी, खाली लागलंय का हे?"

मी पातेल्यावर वाकले. वास घेतला.
पुन्हा घेतला.
नुसती गरम वाफ. वाफेत कुणीच नाही.
खिडकीतली तुळस चुरगळून नाकाशी धरली,
तीही हिरवी आणि मुकी.

किती महिने झाले असतील?
एर्मेस तर रोज
पावाने ताट पुसून खात होता.

कानाचं मशीन आणलं. मुलीने पैसे भरले.
पहिल्या दिवशी त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं
आणि पत्रा फाटल्यासारखा दचकला.
नळ, खुर्ची, स्वतःची चप्पल, माझं चावणं.
"तू एवढी वाजतेस?" म्हणाला.
आता ते बटणांच्या डब्यात झोपतं,
रविवारी मुलगी आली की कानात जातं.

बाकी दिवस आम्ही असे:
दूध उतू जातंय हे त्याचं नाक ओरडून सांगतं,
दारावर कोण आलंय हे मी.
लोकांना हे फार गोड वाटतं.
त्यांना सांगा, मध्यरात्री मला पोटात दुखलं
आणि मी हाक मारली,
आणि मारत राहिले.

त्या रात्रीपासून तो माझ्या पाठीवर पंजा ठेवून झोपतो.
"बोल," म्हणतो, "काहीही बोल, हाडातून येतं मला."
मग मी अंधारात बोलते.
पावाचा भाव, त्याच्या बहिणीचं वागणं,
सत्तेचाळीस साली माझ्या आईने विकलेली गाय,
आणि एकदा, त्याला शब्द लागत नाहीत याच भरवशावर,
त्याच्या आधी मला कुणी मागणी घातली होती, तेही.

तो बराच वेळ गप्प.
मग वाकलेल्या बोटाने माझ्या मणक्यावर
टक् केलं, खाली सरकून अजून एकदा टक्.
"एक भेग आहे," म्हणाला.
"दुसरी प्रत. रेघ मारून विकता येईल."

मी त्याला काय म्हटलं,
ते त्याने ऐकलं नाही.